फोटोपुरती पाटी

आमच्या आरोग्य केंद्रातच दारू सोडवण्याचे उपचार मिळावेत, म्हणून आम्ही सरकारी अनुदानाचा प्रस्ताव पाठवत होतो. सोबत जागेचा फोटो हवा होता. म्हणून कोपऱ्यातल्या खोलीवर ‘व्यसनमुक्ती कक्ष’ अशी पाटी ठोकली. आत नुसत्या बादल्या आणि झाडू.

दुसऱ्या दिवसापासून त्या पाटीखालच्या बाकावर एक माणूस येऊन बसू लागला. केसपेपर काढायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही. दोन्ही हात टॉवेलखाली आणि नजर त्या दारावर. चोपडा गावातल्या दारूवाल्यांना आमचा बेत कळला असणार आणि त्यांनीच हा पाळतीवर बसवला असणार, अशी माझी खात्रीच झाली.

शेवटी मी दरडावून विचारलं, “कोणी पाठवलं तुम्हाला?”

“कोणीच नही, साहेब. पाटी वाचीसन उनू.” तो गडबडून उठला तसा टॉवेल खाली पडला. हात थरथरत होते. “आज पेयेल नही. हाई दार कवय उघडस?”

“अनुदान आलं की,” मी म्हणालो.

त्यानं टॉवेल उचलला. इतके दिवस मी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत होतो, त्याच नजरेनं त्यानं आता माझ्याकडे बघितलं.