त्यांच्या वाट्याचं चालणं

आमच्या ह्यांना शुगर निघाली तेव्हा मी त्यांना घरात बसू दिलं नाही. मी अकोल्याची, ओठात एक नि पोटात एक आपल्याला जमत नाही. शाळेतली नोकरी संपल्यापासून माणूस खुर्चीला चिकटला होता. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं, तर म्हणे उद्यापासून. उद्या कसला? दुसऱ्याच पहाटे मी पंखा बंद केला आणि पांघरूण ओढलं. कुरकुरले, पण गेले. पुढे असा नाद लागला की अमरावतीच्या उन्हाळ्यातही उजाडायच्या आत बाहेर. साखर उतरली, एक गोळी कमी झाली, आणि आमचे हे भेटेल त्याला चालण्याचे फायदे सांगत सुटले. कोणाच्या बारशाला जा, तोच विषय. मला हसू यायचं, पण खरं सांगते, बरंही वाटायचं.

मग आलं नवरात्र. आमच्याकडे तेव्हा पहाटे रस्ते देवीला चालत जाणाऱ्यांनी भरतात, आणि त्यातले कितीतरी जण नऊ दिवस अनवाणी. ह्यांच्याही मनाने घेतलं, पायात काही घालायचं नाही. दर्शनही होईल, चालणंही होईल. देवाच्या कामात आडकाठी कोण घालतं? घरात कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

चौथ्या माळेला देवळातून आले, प्रसाद माझ्या हातात दिला, चहा मागितला. मी पाहते तर दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर रक्ताचे ठसे. तळव्यात काच रुतली होती.

"मले तं काईच समजलं नाई," ते म्हणाले, आणि दुसऱ्याच कोणाचा असावा तसे आपल्या पायाकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला लावून तळव्याला जागोजागी बारीक काडी टेकवली. लागतंय का, लागतंय का? हे नाही, नाही म्हणत गेले. शुगरने तळव्याची जाणीवच गेली होती. व्यायाम सोडू नका, पण जखम भरेपर्यंत हे पाऊल टेकवायचं नाही, आणि नंतरही अनवाणी घरातसुद्धा फिरायचं नाही, असं त्यांनी बजावलं. जखम चिघळली तर पाय वाचवणं कठीण, हेही सांगून टाकलं. मी घाबरले. इतकी घाबरले की घरी येताना ऑटोत बसून मनातल्या मनात देवीलाच दरडावलं: माझा माणूस तुझ्याकडेच येत होता ना? मग त्याचा पाय राहू दे. पुढच्या वर्षी त्याच्या वाट्याचं मी चालते.

चालणं बंद झालं तशी साखर चढली. मग बसल्याबसल्या करायचा व्यायाम आला. शेतावरून आलेल्या तुरीच्या डाळीच्या दोन पिशव्या मी भरून दिल्या. हे खुर्चीत बसून त्या वर-खाली करायचे आणि काहून छळून राहिली मले, असं विचारायचे. विचारत का होईना, केलं. रोज पट्टी बदलताना मी एक शब्द बोलत नसे, आणि मी गप्प म्हणजे काय ते त्यांना कळायचं. दिवाळी तशीच गेली. थंडी पडता पडता जखम भरली, साखरही जागेवर आली. त्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंसमोरच रडले.

यंदा नवरात्रात दोघं निघालो. हे मोजे-बूट घालून, मी अनवाणी. एवढ्या अनवाणी माणसांत आपल्याच पायात बूट, म्हणून हे ओशाळून कडेकडेने चालत होते. मधून चाला, चोरी केली काय, असं मी म्हटलं. पण माझे पाय चपलेला सोकावलेले. जरा पुढे गेलो नाही तोच मी लंगडायला लागले. ह्यांनी चाल कमी केली.

"लय टोचते काय?"

"टोचते तं."

ते कडेने चालायचं सोडून माझ्या बाजूला आले. मग हळूच म्हणाले, "सांगत चाल. कसं टोचते ते."

मी देवळापर्यंत सांगत गेले. इथं बारीक खडी आहे. इथं डांबर गार लागतंय. इथं कोणी सडा टाकलाय, ओलं आहे. ते हूं हूं करत, माझ्या पायांकडे बघत चालत होते.