कपोताकडं दाखवलेला हात

चिलापी माशाचा वास आला की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं. नव्वदच्या दशकातल्या एका माघातली ती संध्याकाळ आठवते.

माझी थोरली बहीण, आक्का, लासुर्ण्याचं सासर सोडून अचानक पळसदेवला माहेरी आली होती. का आली, ते सांगत नव्हती. "उद्या सकाळच्या एस्टीनं सोडतो तुला," एवढंच बोलून आमचे वडील, तात्या, जाळं आवरायला धरणाच्या काठावर गेले.

आक्काला घरात चैन पडेना. अंधार पडताच मला घेऊन तीही काठावर आली. मृगाच्या खाली, दक्षिणेला, कपोत नावाच्या तारकासमूहाचे अंधुक तारे असतात. शाळेत असताना ते तिला बाईंनी दाखवले होते. ती मला दाखवू लागली, तेवढ्यात चिलापीनं भरलेलं जाळं सोडून तात्या कंदील घेऊन जवळ आले.

"कुठं गं?"

तिनं हात उंच केला. अंगभर लपेटलेला पदर घसरला. दंडावर काळेनिळे वळ होते.

तात्यांनी आभाळाकडं बघितलंच नाही. कंदील खाली ठेवून म्हणाले, "उद्या कुठं जायाचं न्हाय."

आक्का परत गेली नाही. पुढं शिकली, बारामतीत नर्स झाली.

ते तारे इतके खाली होते, तरी तिनं हात एवढा उंच का केला, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.