मजुरी माझी, आळ तिच्यावर

धान घरी आलं आणि आमच्या गावच्या बोडीतला गाळ काढायचं काम रोजगार हमीतून निघालं. बोडी म्हणजे लहानसा तलावच, खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी पुरवणारा. मुलगा म्हणाला, "तू कायले जातं वं आई, घरी बस." आता घरी बसून मी करू काय? आणि स्वतःच्या हाताची मजुरी स्वतःच्या खात्यात पडली की बाई चालते कशी, ते त्याला कुठून कळणार. गेले मी. पवनीच्या बँकेत माझं जुनं खातं आहे, त्याचा नंबर कामावर लिहून घेतला होता. म्हणजे माझ्या बाजूनं सगळं नीटच होतं.

कामावर मेट होती माझ्या शेजारणीची सून. मेट म्हणजे हजेरी घेणारी, कुणी किती माती काढली ते मापणारी. नवरा वारलेला, पदरात एक मुलगी, पण बारावी शिकलेली. आमच्या गावात बाईला मेट पहिल्यांदाच केलं होतं. माझ्या जावेला ते फार लागलं होतं, कारण तिला तिथं आपला मुलगा हवा होता. हे मी आज सांगते असं नाही, ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायची.

होळीच्या सुमारास मजुरी पडली. सगळ्या बायांची पडली, माझी नाही. पासबुक मशीनमध्ये घातलं, कोरं बाहेर आलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मेटनं तालुक्याला फोन लावून विचारलं, तर तिकडून उत्तर, जमा झाले. जमा झाले आणि खात्यात नाहीत, हे कसं?

जावेनं बोडीच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सगळ्यांच्या देखत विचारलं, "जमा तं झाले, पन कोनाच्या घरी?"

मेट म्हणाली, "मामी, तुमाले जे म्हनायचं ते सरळ म्हना."

"मी काई म्हनून नाई राहिली बाप्पा. नंबर तूच लिहिला होता ना? मी तेवढंच इचारलं."

झालं. तेवढंच विचारलं ते गावभर पोचायला वेळ लागला नाही. ग्रामसभेत मेट बदलायचा विषय घ्यायचा ठरला. पैसे माझे हरवले आणि काम तिचं जाणार, असा तो हिशेब. मी आपलं चुलीजवळून अंगणात जायचं, अंगणातून पुन्हा चुलीजवळ. माझी सून म्हणाली, "आत्याबाई, बसा ना एका जागी." बसले की पायाला मुंग्या आल्यासारखं व्हायचं.

मग मेट घरी आली. मी चहा ठेवला.

"काकू, तुमाले बी असंच वाटते का?"

"मले वाटलं असतं तं तुले चहा देल्ला असता का?"

तिनं कपाला हात लावला नाही. "सभेत तुमाले इचारतील, पैसे भेटले का. तुमी काय सांगान? नाई भेटले, हेच ना?"

ते खरंच होतं. खोटं मी कशी बोलणार? आणि खरं बोलले तरी फास तिलाच.

दुसऱ्या दिवशी पवनीला निघाले. ती सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. बाजूबाजूला बसून गेलो असतो तर म्हातारीला शिकवून आणलं, असं म्हणायला लोक मोकळे.

बँकेतल्या पोरानं पासबुक उलटंपालटं केलं, आधार कार्ड मागितलं, बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. म्हणाला, "आजी, तुमचं आधार या खात्याला जोडलेलं नाही. दुसऱ्या बँकेला आहे."

"माही दुसरी बँकच नाही."

"हमीचे पैसे आता खाते नंबर पाहून जात नाहीत, आधार पाहून जातात. शेवटी जिथं जोडलं, तिथं. ही मोबाइल कंपनीची बँक दिसते. सिम घेतलं होतं का कधी?"

मी बाहेर पायरीवर येऊन बसले. घेतलं होतं. माझी लेक बपेऱ्याला दिली आहे, पार मध्य प्रदेशच्या सीमेवर. लग्नानंतर तिच्या आधारवर नवऱ्याचं नाव चढवायला दिलेलं, ते काही लवकर येईना. तोवर पोरगी बिना फोनची राहील म्हणून मी म्हटलं, माझ्या कार्डावर घेऊ. बाजारात मोठ्या छत्रीखाली कंपनीचा पोरगा बसला होता. त्यानं माझा अंगठा एकदा घेतला, मग आणखी एकदा. मी विचारलं, "दुसऱ्यांदा कायले?" म्हणे, "पहिला नीट उमटला नाही, मावशी." त्या दुसऱ्या अंगठ्यात माझं खातं उघडून गेलं होतं.

तिथूनच लेकीला फोन लावला. लागेना. पायरीवरून उठले, रस्त्यापर्यंत गेले, परत आले, तेव्हा कुठं लागला.

"तुह्या मोबाइलात पैशाचे मेसेज आले का वं?"

"मले कोन पैसे पाठवते आई? कंपनीचे येते रोज. कर्ज घ्या म्हनते, लॉटरी लागली म्हनते. मी वाचतच नाई."

"आता वाच."

"आता? भात उतू जाऊन राहिला."

"जाऊ दे उतू."

बराच वेळ नुसती भांड्यांची खडखड. मग ती हळूच म्हणाली, "आई, मजुरी जमा म्हनते. एक नाई, लय हायेत. सासरी समजलं तं म्हनतील, मायचे पैसे दाबून बसली."

"तू काई दाबलं नाईस. फक्त पुसू नको ते."

बँकेतल्या पोराला सांगितलं. त्यानं अर्ज भरून घेतला, पुढची मजुरी इथंच पडेल म्हणाला. मी तर सांगते, कुणाचं असं झालं तर बाई, आधी हेच विचारा, आधार कुठं जोडलंय. त्याआधी माणसाचं नाव घेऊ नका. अडकलेले पैसे मोबाइलच्या दुकानात अंगठ्यावर मिळणार होते, पण गाळानं हात असे फाटले होते की मशीन अंगठा ओळखेना. दुकानदारानं ओलं फडकं दिलं. शेवटी बाजूच्या बोटावर निघाले.

ग्रामसभेत मी उभी राहून सगळं सांगितलं, छत्रीपासून. जाऊ म्हणाली, "मंग आमाले काय मालूम?" सरपंच म्हणाले, विषय संपला, पुढचं घ्या. आमचं चुकलं, असं मेटला कुणी म्हटलं नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता हसेल. ती म्हणाली, "काकू, तुमचे सापडले म्हनून मी सुटली. नसते सापडले तं?"

 तो प्रश्न आजही आठवला की मी बसल्या जागेवरून उठते.

सोमवारी ती आली पारीवर. उशीर झाला तेव्हा मला वाटलं होतं, येत नाही आता. आली, आणि हजेरी सुरू केली. जावेच्या नावापाशी ती थांबली. जावेनं खाली पाहत "हाये" म्हटलं. मग तिनं पुढचं नाव घेतलं, ते माझं होतं.