लाल ठिगळ

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी वडिलांची गाडी न विचारता काढली आणि मळवलीत एका बंगल्याच्या फाटकाला घासली. डाव्या दारावरचा तळहाताएवढा रंग उडाला. आबा सकाळीच लोकलनं वडगावला तहसील कचेरीत गेले होते, पाचपर्यंत परत येणार होते. त्या गाडीला कुणी नुसता हात टेकला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. माझी काय गत होणार होती, हे सांगायला नको.

मळवलीतच एक पेंटर सापडला. मी त्याला गाडीच्या पट्टीवर कंपनीनं छापलेला रंगाचा नंबर वाचून दाखवला.

"सर, ह्यो नंबर नव्या गाडीचा हाय," तो म्हणाला. "तुमची उनानं पार विटलीय. मला नजरंनं रंग मिसळू द्या."

पण मी पडलो शाळामास्तर. छापलेलं तेच खरं! "नंबरानंच करा," मी ठणकावलं. रंग बसला आणि माझे डोळे पांढरे झाले. विटून विटकरी झालेल्या दारावर लालभडक ठिगळ. "सांगितलं व्हतं," एवढंच तो म्हणाला. पुन्हा करायला वेळ नव्हता.

लोणावळ्याला घरी येऊन गाडी होती तशी लावली आणि पायरीवर बसून राहिलो. थापा जुळवत होतो, पण एकही धड जुळेना.

आबा आले ते थेट गाडीकडे. ऊन चांगलं लख्ख होतं. ते डाव्या दाराशीच थांबले.

"वास कसला रं?"

"शेजारी ग्रिल रंगवतायत."

त्यांनी फडकं घेतलं आणि अख्ख्या दारावरून फिरवलं, ठिगळावरूनसुद्धा. "वीस वर्सं झाली," ते कौतुकानं म्हणाले, "पर बघ, अजून कशी एका रंगाची हाय."

सुटलो! खोटं कशाला बोलू, मला हसूच आलं.

"किल्ली आण," ते म्हणाले. "हवा भरून ठिवतो. उद्या पाटंच तुज्या आईला घिऊन गावाकडं जातो."

आमचं गाव आंदर मावळात. रस्ता अरुंद, वळणावळणाचा, एका अंगाला दरी. डोळे तपासून घ्या म्हणून आई वर्षभर त्यांच्या मागे लागली होती. "मला समदं दिसतं" म्हणत ते तिला गप्प करायचे आणि मीही त्यांचीच री ओढायचो. किल्ली माझ्या खिशातच होती, ती मी बाहेर काढली नाही.

"आबा, मी गाडी घासली. दाराला रंग लावून आणलाय."

त्यांनी दार वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग वाकून पुन्हा पाहिलं.

"कुटं?"

मी त्यांचा हात धरला आणि त्या लाल रंगावर ठेवला. रंग अजून किंचित चिकट होता. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"तुज्या आईला सांगू नगंस," ते म्हणाले.