नूर महंमदचा कान

धुळ्यात हायवेला लागून हितेंद्रचं गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. तीन मशिनं, चार माणसं. त्यात सगळ्यात जुना नूर महंमद. वय अठ्ठावन्न, दाढी पांढरी, शर्टावर कायम पॉलिशच्या कंपाउंडचे शिंतोडे. बावीस वर्षांत या दुकानातलं एकही मशीन चालू कामात जळलं नाही आणि ते केवळ नूरचाचाच्या कानामुळे, असं अख्खं दुकान सांगायचं. गिऱ्हाईकाला चहा देतादेतासुद्धा सांगायचं.

पॉलिशच्या मशीनमध्ये तसं असतं काय? मोटर, पुढे लोकरीचा गोल पॅड, मागे वायर. मोटरीच्या पोटात पेन्सिलीच्या तुकड्याएवढे दोन कार्बन असतात. मोटर फिरते तसे ते घासून झिजतात. वेळेवर बदलले तर मशीन वर्षानुवर्षं चालतं. नाही बदलले तर ठिणग्या उडतात, मोटर जळते आणि मशीन भंगारात जातं. बाकीच्यांना हे धूर निघाल्यावर कळतं. नूर महंमदला आठ दिवस आधी कळायचं. कार्बन संपत आला की आवाजात एक बारीक किरकिर येते, ती त्याला बरोबर ऐकू यायची. मशीन न उघडताच तो म्हणायचा, "डाव्या बाजूचा बदला," आणि उघडलं की डावाच झिजलेला निघायचा.

हा कान बापाकडून आलेला. बाप धरणगावचा पिंजारी, घरोघरी जाऊन गाद्यांचा कापूस पिंजायचा. धुनकीची ताणलेली दोरी, तात, तुटायच्या आधी तिचा आवाज बदलतो, हे त्यानं पोराला मांडीवर बसवून शिकवलं होतं. धुनकी गेली, बाप गेला, कान तेवढा राहिला. त्याचा नूर महंमदला फार अभिमान होता, आणि का नसावा? त्याच्याकडे दुसरं होतं काय?

त्याची मुलगी खुशनुमा नर्स आहे. सात वर्षांपूर्वी तिनं कानात घालायच्या मऊ बोळ्यांची डबी आणून दिली. "अब्बा, दिवसभर ते मशीन कानाशी ओरडत असतं. हे घालत जा, नाहीतर बहिरे व्हाल."

त्यानं एक दिवस घातले आणि दुसऱ्या दिवशी काढून ठेवले. "हे घातलं तर मशीन काय म्हणतंय ते कोण ऐकणार?" डबी कपाटात अत्तराच्या बाटलीशेजारी पडून राहिली.

आणि व्हायचं तेच झालं. कान एकदम गेला नाही, वरवरून कुरतडत गेला. आधी बारीक आवाज गेले. मशीनची किरकिर तर सगळ्यात आधी गेली. मशीन सुरू केलं की त्याला नुसती एक सपाट घरघर ऐकू यायची. नवं असो, जुनं असो, घरघर तीच. कुणी बोललं की तो तोंडाकडे बघायचा, चारचौघं हसले की हसायचा. पण कुणाला म्हणून सांगितलं नाही. कार्बन कधी बदलायचा ते दिवस मोजून अंदाजानं सांगायचा, आणि आजवर ते निभावलं होतं. इथं त्याचा राग येतो. अरे बाबा, कान गेला तर गेला, डोळे आहेत, हात आहेत, मशीन उघडून बघ ना. पण नाही. नूरचाचानं मशीन उघडून बघायचं म्हणजे चार माणसांत नाक कापून घेणं.

गेल्या उन्हाळ्यात हितेंद्र जळगावला एका मोठ्या वर्कशॉपात जाऊन आला आणि त्यानं भिंतीवर कागद चिकटवला. दर दुसऱ्या शनिवारी प्रत्येक मशीन उघडायचं, हवेनं धूळ उडवायची, कार्बन तपासायचा, वायर मशीनच्या मानेपाशी चिरली का बघायची, तारीख टाकून सही करायची. नूर महंमदनं कागद वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हितेंद्रभाऊ, ज्याला ऐकू येत नाही त्यानं उघडून बघावं."

सगळे हसले. हितेंद्रही हसला. कागद तिथंच राहिला, त्यावर एकही तारीख पडली नाही.

पुढे एका बुधवारी सकाळी रुपचंद त्याचं मशीन घेऊन आला. रुपचंद दुकानातलाच, शिरपूरकडचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. कामाला वाघ आणि चाचाचा भक्त. म्हणाला, "चाचा, जरा ऐका ना. माले आवाज येगळा वाटी राहिना."

त्यानं मशीन सुरू करून चाचापुढे धरलं. नूर महंमदनं सवयीप्रमाणे मान तिरकी केली, डोळे मिटले. घरघर. नुसती घरघर. 'मला कळत नाही' असं म्हणायला तोंड उघडलं होतं त्यानं, खरंच उघडलं होतं. पण रुपचंद असा काही बघत होता की त्याची जीभ रेटली नाही.

"काही नाही," तो म्हणाला. "चालव बिनधास्त."

दुपारी एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर ते मशीन पेटलं. ठिणग्या उडाल्या, काळा धूर आला, पेटलेल्या पॅडनं बॉनेटवर तळहाताएवढा रंग भाजून काढला. रुपचंदनं हिसका देऊन वायर ओढली, त्यात त्याचा अंगठा पोळला. गाडीचा मालक तिथंच उभा होता. त्यानं हितेंद्रला नको नको ते सुनावलं.

तो गेल्यावर हितेंद्र रुपचंदवर घसरला. "दाबून चालवलंस ना? किती वेळा सांगितलं, मशीनवर अंगाचं वजन टाकायचं नाही."

"भाऊ, सकाळी चाचांना दाखवलं होतं मी."

हितेंद्रनं चाचाकडे बघितलं. चाचा रुपचंदच्या तोंडाकडे बघत होता.

रुपचंदच मग हळू आवाजात म्हणाला, "चाचा ठीक म्हणाले म्हणजे मशीन ठीकच होतं. माझ्याच हातून दाबलं गेलं असेल."

ओठांवरून नूर महंमदला ते सगळं कळलं. पोळलेला अंगठा मुठीत धरून तो माणूस स्वतःला दोष देत होता, कारण चाचाचा कान चुकेल हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. हितेंद्रनं रुपचंदला सांगितलं, उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही, गाड्या धुवायच्या. नूर महंमद गप्प बसला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती, तरी तो गप्प बसला.

संध्याकाळी घरी तो भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको हमीदा चुलीपासून उठली, हात पुसत आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि मग म्हणाली, "वाढू का?"

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. "तू आतूनच का नाही विचारत? पूर्वी विचारायचीस."

"तीन वर्षं झाली," हमीदा म्हणाली. "आतून विचारलं की तुम्ही उत्तर देत नाही."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला सांगितलंत?"

तीन वर्षं ती चुलीपासून उठून येत होती, आणि त्याला वाटत होतं आपण सगळ्या जगाला फसवतोय. तो जेवला नाही. हमीदानंही आग्रह केला नाही.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी दुकानात पोचला. भिंतीवरचा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि दारातच बसून स्क्रू ड्रायव्हरनं मशिनं उघडायला लागला. जळलेलं आधी. डावा कार्बन पार संपला होता, त्याच्या मागच्या स्प्रिंगनं मोटरीच्या तांब्याच्या भागावर खोल चर पाडला होता. कुणी कितीही हलक्या हातानं चालवलं असतं तरी ते जळणारच होतं. मग त्यानं स्वतःचं मशीन उघडलं. त्यातले कार्बन नखाएवढे उरले होते. आठवड्याभरात तेही गेलं असतं.

एकेक माणूस येत गेलं आणि दारात थबकत गेलं. नूरचाचा मशीन उघडून बघतोय. उन्हाळ्यातलं ते वाक्य सगळ्यांच्या लक्षात होतं. कुणी हसलं नाही. हितेंद्र आला, त्यानंही बघितलं. नूर महंमदनं झिजलेला कार्बन त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "रुपचंदचं काही चुकलं नाही. मला ऐकू येत नाही, भाऊ. तीन वर्षं झाली."

मग त्यानं कागदावर तारीख टाकली आणि सही केली. हितेंद्र वळून काहीतरी बोलला, ते त्याला कळलं नाही. गाडी धुवायच्या जागेवर रुपचंदनं हातातला पाइप खाली ठेवला, एवढं मात्र दिसलं.

रुपचंद जवळ आला. नेहमीसारखा बाजूला टेकला नाही. समोर उकिडवा बसला, तोंडासमोर तोंड आणलं आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, "चाचा, तुमचं मशीन, आता मी चालवू?"

हमीदा बोलते तसंच. एका सकाळीत शिकला तो. नूर महंमदला रडूच आलं, ते त्यानं लपवलं नाही.

त्यानं नवे कार्बन बसवले, मशीनचं झाकण लावलं आणि ते रुपचंदच्या हातात दिलं. मग सकाळी कपाटातून उचलून खिशात टाकलेली खुशनुमाची डबी काढली आणि म्हणाला, "आधी हे कानात घाल."