सोवळ्यातला बर्फ

उत्तर ध्रुवावर पाय न ठेवता तिथला गारठा ज्याच्या हाडांत मुरला होता, असा अख्ख्या मध्य प्रदेशात एकच माणूस होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आमचे आतोबा इंदूरच्या एका सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे सांभाळत. उज्जैनच्या वर ते आयुष्यात कधी गेले नव्हते, पण ध्रुवाकडच्या बर्फाबद्दल असे बोलत, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे कालच तिकडून आलेत आणि बिस्तरा अजून सोडायचाय. संस्थानच्या काळात वाचनालयात जमा झालेली ध्रुवसफरींची इंग्रजी पुस्तकं त्यांनी इतक्यांदा घरी नेली होती, की ग्रंथपालाने ती कपाटात लावणंच सोडून दिलं होतं. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले, त्या दिवशी त्यांनी प्रवासाचं विचारलं नाही, वडिलांच्या तब्येतीचं विचारलं नाही. बर्फ किती प्रकारचा असतो, ते विचारलं. मी म्हटलं, एकच, गार. "बैठो बेटा, इसमें टाइम लगेगा," ते म्हणाले आणि ताटातला भात निवेपर्यंत बोलत राहिले.

घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या दृष्टीने ध्रुवाचा नमुना होती. थंडीत खोबरेल थिजायला लागलं की बाटली त्यांच्या ताब्यात जाई. आधी तेल गढुळतं, मग त्यात चकत्या धरतात, मग चकत्या एकमेकींना चिकटून पत्रा होतो; तिकडचा समुद्र हुबेहूब असाच गोठतो म्हणे. आत्या केस मोकळे सोडून ताटकळत बसलेली, आणि हे बाटली उजेडात धरून समुद्र बघतायत. एकदा ती म्हणाली, "अहो, समुद्राला वेणी घालायची नसते. मला आहे." त्यांनी बाटली दिली, पण हलवू नकोस, असं बजावून. मे महिन्यात लू सुटली, की आम्ही ओले पंचे डोक्यावर घेऊन बसायचो आणि ते खिडकीतल्या थर्मामीटरला नाक लावून समाधानाने म्हणायचे, "तिकडे आता बर्फ फुटायला लागला असेल." जणू पुतण्याची मुंज लागली असेल.

परदेशीपुऱ्यात गिरण्यांच्या मागे एक बर्फाचा कारखाना होता. रविवारी सायकल काढून ते तिथे लाद्या बघायला जात. लादीच्या मधला पांढुरका भाग म्हणजे कोंडलेली हवा, हे तिथल्या मिस्त्रीला समजावून सांगत. तो बिचारा ऐकून घेई आणि जाताना विचारी, "साब, लेना कुछ नहीं है क्या?" एकदा मात्र त्यांनी खरोखर लादी घेतली, पोत्यात गुंडाळून घरी आणली, तिच्या तळाला खडी दाबून बसवली आणि आत्याच्या पाट्यावर मागेपुढे घासली. हिमनदी खडकावर कसे ओरखडे काढते आणि त्या ओरखड्यांवरून ती कुठून कुठे गेली ते शास्त्रज्ञ कसं ओळखतात, हे मला दाखवायचं होतं. ओरखडे उत्तम आले. आत्या देवळातून परतली, पाट्याकडे बघितलं आणि इतकंच म्हणाली, "पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईने याहून बरं काम केलं असतं." मग तिने तो पाटा चिंच आणि राख लावून दोनदा धुतला. कारण तो बर्फ कारखान्याचा होता.

इथे आत्याचं सांगायला हवं. तिने जन्मात बर्फ खाल्ला नव्हता. यंत्रातून निघालेला, कुठल्या पाण्याचा आणि कुणाकुणाच्या हातांचा ठाऊक नाही, असा बर्फ घरात कुणी तोंडात घालायचा नाही, हा तिच्या सासूचा नियम. सासू गेली, बाकीच्यांचे नियमही गेले. आत्याचा राहिला, कारण तिने सासूला शब्द दिला होता. असल्या नियमांचं मला तेव्हाही कौतुक नव्हतं, पण शब्द तिचा होता. उन्हाळ्यात आम्ही सगळे गुलाबाचं सरबत प्यायचो आणि ती आमच्या पेल्यांतला बर्फ किणकिणताना ऐकत बसायची. इतक्या वर्षांच्या ध्रुवपुराणात तिने आतोबांना एकच प्रश्न विचारला होता. "तिकडचा बर्फ तरी सोवळ्यातला असतो का हो?"

"अगं, तिथे माणूसच नाही. शिवणार कोण?"

"मग तो मला चालेल," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

ती विसरली असेल. आतोबा विसरले नाहीत. पूर्वी उत्तरेकडे थंडीच्या रात्री मातीच्या उथळ परळांत पाणी भरून, खाली कोरडं गवत पसरून बर्फ धरत, असं त्यांनी वाचलं होतं. आकाश निरभ्र हवं, वारा पडलेला हवा, मग हवा जेमतेम गार असली तरी पाणी गोठतं. झालं, दर पौषात आमच्या गच्चीवर मोहीम निघू लागली. अटी आत्याच्या: परळ कोरे, पाणी घरच्या विहिरीचं, आणि ते भरायचं अंघोळ करून, सोवळ्याने. ध्रुवावर जाणारे लोक अंगावर अस्वलाची कातडी चढवतात. आमचे आतोबा ऐन थंडीत संध्याकाळी ओलेत्याने, दात वाजवत, परळ मांडत. सकाळी परळ खाली आणण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यांत पाणीच असे. सांवेरच्या बाजूने येणारा दूधवाला रोज विचारी, "क्या बाबूजी, जमी कुल्फी?" आतोबा गंभीरपणे सांगत, "आज हवा थी, भिया."

मग मध्य प्रदेश हे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे कचेऱ्या निघाल्या. इंदूरची माणसं महिनोन् महिने चिडलेली होती. आतोबांच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांची तक्रार एकच होती: भोपाळला एवढा मोठा तलाव आहे. पाण्याकाठची हवा रात्री पुरती गार होत नाही, तिथे बर्फ धरायचा नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते इंदूरच्या या शेवटच्या थंडीत. त्या वर्षी त्यांनी दुप्पट परळ आणले. आत्या म्हणाली, एवढे परळ बघून कुंभाराला वाटेल घरात कार्य आहे. ते हसले नाहीत.

जानेवारीतल्या एका सकाळी दूधवाला आला तो चेष्टा न करताच. "पालो पड़ी ग्यो, बाई. सगळा हरभरा गेला," तो म्हणाला. रात्री शेतांवर दव गोठलं होतं. मी दूध तसंच ठेवून वर गेले. कठड्याच्या कोपऱ्यातल्या, वारा न लागणाऱ्या चार-दोन परळांत पाण्यावर पापडाएवढा पातळ पापुद्रा होता. बोट लावलं नाही, हाक मारली. आतोबा संध्या अर्धी टाकून आले आणि वाकून बघत राहिले. थर्मामीटर, वाऱ्याची दिशा, जाडी, सगळं कसं टिपायचं ते त्यांचं केव्हाचं ठरलेलं होतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. एक परळ नैवेद्यासारखा दोन्ही हातांनी उचलला आणि जिना उतरले.

आत्या चुलीपाशी होती. "घे," ते म्हणाले. "विहिरीचं पाणी, कोरा परळ. यंत्र नाही, कुणाचा हात नाही."

तिने परळात बघितलं, मग त्यांच्याकडे. हात धुतले, पदराला पुसले आणि तीर्थाला करतात तशी ओंजळ पुढे केली. त्यांनी एक तुकडा ठेवला. तिने तो तोंडात घेतला आणि डोळे मिटले. आतोबा खोबरेलाच्या बाटलीकडे बघत, तसे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"दाताला झोंबतोय," ती म्हणाली. थोड्या वेळाने हात पुन्हा पुढे केला. "अजून आहे का?"

त्या उन्हाळ्यात ते भोपाळला गेले. परळ त्यांनी नेले, पण बर्फासाठी भरले कधीच नाहीत. मी गेले की ते पाखरांच्या पाण्यासाठी मांडलेले दिसत. कुणी विचारलं तर आतोबा तलावाला दोष देत. पुढे घरी फ्रिज आला, लग्नाकार्यांत बर्फ घातलेलं सरबत फिरू लागलं, आणि आत्या पेल्यावर हात ठेवून म्हणायची, "नको. मी खाल्लाय." सोयरेधायरे बुचकळ्यात पडत. आतोबा तिथेच कुठेतरी नव्या जावयाला बर्फाचे प्रकार सांगत असायचे. तिचं ते वाक्य कानावर आलं, की तेवढ्यापुरते बोलायचे थांबायचे.