पायाची शीर, पोटातला स्टेंट

"थांबा," मी म्हणाले आणि सिस्टरचं मनगट धरलं.

तिच्या हातात भुलीचं इंजेक्शन होतं. मी टेबलावर उताणी, जांघेजवळ औषध लावून वर हिरवं कापड टाकलेलं. डॉक्टर हातमोजे चढवून उभे.

"आधी मला सांगा, आत्ता बाहेर ह्यांना बाजूला घेऊन तुम्ही काय बोललात?"

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं, संशय खरा ठरला...

थोडं मागचं सांगते. मी सिल्वासात मराठी शाळेत शिकवते. उभं राहायचं काम. डावा पाय सुजायचा, संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा रुतून बसायचा. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, मग तिथे जखम झाली. वर्ष उलटलं तरी ती भरेना. मध्ये व्हेरिकोज व्हेन्सचं लेझर करून झालं. काही महिने बरं... मग पुन्हा तेच.

सुरतहून दर शनिवारी येणाऱ्या या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला लावलं. म्हणाले, रक्त पायात अडतंय, कारण वर ओटीपोटात शीर दबली आहे. तिच्यावरून धमनी जाते, ती तिला मणक्यावर चेपते. तिथे स्टेंट बसवू. चिरफाड नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी.

दुखतंय घोट्याला आणि उपाय पोटात. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पण फळ्यावर मीही रोज चित्रं काढते... चित्र पटलं म्हणून गोष्ट खरी होत नाही.

आम्ही सिल्वासाजवळ अथालला राहतो. शेजारच्या भानुबेनना कळलं. "स्टेंट तो हार्टमां ज मुकाय ने, टीचर?" स्टेंट हार्टमध्येच बसतो, हे त्यांनी ठरवूनच टाकलं; दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून बिनतेलाचे खाखरे यायला लागले. शाळेत माझा वरच्या मजल्यावरचा वर्ग न मागता खाली आला. मी पाय दाखवायचे, लोक "टेन्शन घेऊ नका हां" म्हणायचे.

आधी हसू यायचं. मग यायचं थांबलं... कारण घरात हे गप्प झाले.

हे मूळचे धुळ्याकडचे, इथे यार्नच्या फॅक्टरीत शिफ्ट सुपरवायझर. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे घरातही गडगडाट. ते हळू बोलायला लागले. फोन आला की गॅलरीत जायचे.

माझ्या माहेरी, चिपळूणला, आत्याच्या पोटात गाठ होती; तिला शेवटपर्यंत 'आतड्याला सूज आहे' असंच सांगितलं होतं. डॉक्टर तिच्या नवऱ्याला, काकांना, बाहेर बोलवायचे. ती पद्धत मी पाहिलेली आहे. पेशंट बाई असली की खरं तिच्या नवऱ्याला कळतं. माझी शीर दाबणारी धमनी नसून गाठ असली तर? स्टेंट नुसता मनाच्या समजुतीसाठी...

त्या दिवशीही तेच. मला आत नेताना काचेच्या दारापलीकडे हे आणि डॉक्टर दिसले. ह्यांनी हात जोडले होते. पायाच्या शिरेसाठी कोणी हात जोडत नाही.

तर मी टेबलावर, सिस्टरचं मनगट माझ्या मुठीत.

डॉक्टर मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिले. "काय बोलणार, मॅडम? तुमचे मिस्टर विचारत होते, हार्टचं आहे का. म्हणाले, 'तिने तुम्हाला बजावलं असेल मला सांगू नका म्हणून. साहेब, तुम्ही तरी खरं बोला.'"

"मला नाही पटत. त्यांनाच बोलवा."

"हे थिएटर आहे, स्टाफरूम नाही."

"नाहीतर मी उठते."

हे दारात आले. डोक्याला टोपी, पायात निळ्या पिशव्या. चेहरा उतरलेला.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"माझ्या पोटात गाठ आहे का?"

"गाठ? कसली गाठ?" मग एकदम आवाज चढला. "अगं, मला कोण काय सांगतंय! भानुबेन म्हणते हार्ट, तू म्हणतेस पाय, हे म्हणतात पोट. माझ्या बापाने अ‍ॅसिडिटी, अ‍ॅसिडिटी म्हणत जीव सोडला, निघालं हार्ट. मी कोणाचं खरं मानू?"

फॅक्टरीतला आवाज. किती दिवसांनी ऐकला...

"भाऊ, हळू," सिस्टर म्हणाली.

"पाय आहे," मी म्हणाले. "पायच आहे हो."

"शपथ?"

"तुमची."

"झालं?" डॉक्टर म्हणाले. "आता मी पण शपथ घेऊ, की कामाला लागू?"

मी झोपेचं औषध नको म्हटलं. स्क्रीन माझ्याकडे वळवायला लावली. शिरेच्या आतून सोनोग्राफी केली तेव्हा गोल दिसायला हवी ती शीर एका जागी चपटी होती, दाराच्या फटीसारखी. रक्ताची वाट एक्स-रेत दिसावी म्हणून डाय सोडला, तर तो सरळ न जाता आजूबाजूच्या वाकड्यातिकड्या शिरांतून वाट काढत होता. स्टेंट उघडल्यावर पुन्हा सोडला... सरळ वर गेला.

गाठ आहे का, मी दोनदा विचारलं. डॉक्टर दोनदा "नाही" म्हणाले, दुसऱ्यांदा चिडून. चिडले तेव्हा थोडा विश्वास बसला. खोटं सांगणारे गोड बोलतात.

जखम भरायला वेळ लागेल म्हणाले. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, पायात घट्ट मोजा. पाय सुजलेल्या प्रत्येकाला स्टेंट लागत नाही, हेही म्हणाले. मी कोणाला 'करून घ्या' म्हणून सांगत नाही. मलाच अजून पुरतं पटायचंय... ते पाय पटवेल. आमच्या दोन्ही घरांत आजार लपवायची इतकी सवय, की उघड सांगितलेलंही आम्हाला लपवल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर ठणकत होती. डॉक्टर राउंडला आले, म्हणाले, स्टेंट शिरेला ताणून धरतो, काही दिवस दुखेल. मग ह्यांना म्हणाले, "जरा बाहेर या."

हे खुर्चीतून हलले नाहीत. "इथेच बोला, साहेब."

डॉक्टर इथेच बोलले. नुसत्या गोळ्यांच्या वेळा होत्या.